हललेली रेष

३ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, पुढे बोलण्याच्या भरात राहून जातात. सांगतेय मी आणि लिहितेय तुझी आत्याआजी. म्हणजे तोंड माझं, हात नणंदेचा. मी लग्न होऊन आले तेव्हा ह्याच बाईनं "नव्या वहिनीला साधा 'क' येत नाही" म्हणून घरभर सांगितलं होतं. आता बसलीय माझी कारकून होऊन. देव सगळं बघतो, जरा उशिरा बघतो एवढंच. (हे मी लिहिणार नव्हते. पण गाळलं की वहिनींना बरोबर कळतं, ओळ आखूड झाली म्हणतात. – आत्याआजी)

फोन कर म्हणतेस. फोनवर तू "हं, हं" करतेस आणि मागून कुणीतरी तुला हाका मारत असतं. मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्याला मी उगाच हसते. पत्राला हं हं करता येत नाही. ते बसून वाचावं लागतं.

माझं झकास चाललंय. खुबा जरा कुरकुरतो, पण ह्या वयात कुरकुरण्याचा हक्क सगळ्यांनाच आहे, त्यालाही. गॅलरीपर्यंत जाते, येते. समोरच्या इमारतीचे पाइप आता मला तोंडपाठ झालेत. जिना उतरायचा कंटाळा येतो म्हणून उतरत नाही. खाली तरी काय ठेवलंय? लोक आहेत, आणि ते सगळे घाईत आहेत.

तुझ्या बापाला विचारलं, पोरगी काम काय करते रे? म्हणाला, "कॉम्प्युटर." म्हणजे कुणी विचारावं नवरा काय करतो, आणि बायकोनं "खुर्ची" म्हणून सांगावं! तू नीट सांग. मला कळेल असं सांग, म्हणजे वन्संनाही कळेल.

आजी


१२ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. हं हं केलं नाही.

माझी खोली हॉस्पिटलच्या तळघरात आहे, धुलाईखान्याच्या मागे. खिडकी नाही. डोक्यावरून गरम पाण्याचे पाइप जातात. म्हणजे तुझे पाइप समोर आणि माझे वर, एवढाच फरक. दार गळ्यातल्या कार्डाशिवाय उघडत नाही, आतूनसुद्धा. एकदा कार्ड वर विसरून उघड्या दारातून आत आले आणि मागे दार लागलं, तर धुलाईवाल्या मावशींनी किल्ली आणून बाहेरून उघडेपर्यंत आत बसून होते. फोनला रेंज नाही, म्हणून मलाही पत्रच बरं.

आता काम. समजा कुणाचा खुबा बदलायचा आहे. आधी त्याच्या हाडाचे आतले फोटो काढतात, आणि त्यावरून कॉम्प्युटरमध्ये त्याचंच हाड जसंच्या तसं उभं करतात. कुठे कापायचं, नवी वाटी किती तिरकी बसवायची, हे आधी त्या चित्रावर ठरवतात. पण हे ठरवतात कसं माहितेय? आमचे सर, म्हणजे हाडांचे सगळ्यांत मोठे डॉक्टर, खुर्चीच्या मागे उभे राहतात. खुर्चीवर तंत्रज्ञ. सर म्हणतात, "डावीकडे. अजून. थांब. मागे. अरे मागे म्हणजे माझ्याकडे!" जन्मभर हातानं काम केलेला माणूस, आणि इथे त्याला सगळं तोंडानं सांगावं लागतं.

म्हणून मी दोन वस्तू करतेय. डाव्या हातात धरायला प्लास्टिकचं कमरेचं हाड, मोठ्या वाडग्याएवढं. उजव्या हातात एक सळी. हातातलं हाड फिरवलं की पडद्यावर त्या रुग्णाचं हाड फिरतं. सळी टेकवली की तिथे कापण्याची रेष उमटते. माऊस नाही, बटणं नाहीत. डॉक्टरांनी नुसतं धरायचं.

हे खूळ आहे असं सगळे म्हणत होते. एकटे सर पाठीशी उभे राहिले. ही खोली त्यांनी मिळवून दिली, मला त्यांच्या शब्दावर घेतलं. आणि हात कसा आहे माहितेय? लोक लांबून त्यांचं नाव घेऊन येतात.

म्हणून म्हणते, आजी, तू खुबा दाखवायला ये. सरांच्या हातून करून घेऊ. सहा महिन्यांत जिना उतरशील.

भिंगरी


२० फेब्रुवारी

भिंगरे,

हाड धरायचं आणि सळी टेकवायची. एवढ्यासाठी तू इतकं शिकलीस होय! गंमत केली गं. मला आवडलं. फक्त एक सुचवू? त्या प्लास्टिकच्या हाडाला आतून कापड लाव. हाताला गार लागलं की डॉक्टर दचकत असतील.

ऑपरेशनचं म्हणशील तर मला घाई नाही. खुबा माझा, झिजला तो मीच वापरून. आता नवा घालून मी काय शर्यतीत पळणार आहे? तुझे सर मोठे असतील, पण मोठ्या डॉक्टरांकडे गेलं की आजारही मोठे निघतात. तू आपलं लक्ष कामात घाल. मी इथे राणीसारखी आहे. हुकूम सोडते, आणि वन्सं पळतात.

बापाला सांगू नकोस, पण तो आणतो ती भाजी शिळी असते.

आजी

(ता. क. वहिनींचा डोळा लागलाय, म्हणून हे माझं मी लिहिते. गॅलरीची गोष्ट खोटी आहे. दिवाळखोराच्या ऐटीसारखं आहे सगळं. पलंगापासून मोरीपर्यंत त्या खुर्ची पुढे ढकलत जातात, आणि मध्ये दोनदा बसतात. खिडकीतले पाइप दिसावेत म्हणून मीच पलंग फिरवून दिलाय. रात्री कूस बदलताना तोंडात पदर धरतात, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी तुला सांगितलं हे त्यांना कळता कामा नये. वाचता येत नाही हे एक बरं आहे. – आत्याआजी)


६ मार्च

आजी,

तू राणी आहेस हे मान्य. पण राजवाड्याबाहेर न पडणाऱ्या राणीला कैदी म्हणतात. (आत्याआजी, तुझं भाजीविषयीचं समजलं. पुन्हा असंच कळवत जा.)

हट्ट सोड ना. मी सरांशी बोललेसुद्धा. "घेऊन ये, मी स्वतः करीन" म्हणाले.

कापड लावून बघितलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. उलट ते सारखं धुवावं लागतं म्हणून सिस्टर ओरडल्या.

इकडे एक नवीनच कटकट लागलीय. सळी धरली की पडद्यावरची रेष हलते. बारीक, एकसारखी, शिवणयंत्राच्या सुईसारखी. आणि गंमत म्हणजे ती कायम हलत नाही. मी धरली तर स्थिर. तंत्रज्ञानं धरली तर स्थिर. सरांच्या हाताखाली शिकलेल्या धाकट्या डॉक्टर आहेत, त्यांनी धरली तर जशी काही आखलेलीच. सर आले की हलते. मी वायर बदलली, सळीची जागा ओळखणारा छतावरचा कॅमेरा बदलला, धुलाईखान्यातल्या यंत्रांचे हादरे बसत असतील म्हणून ती बंद असताना करून बघितलं. तरी तेच. सर चिडतात. "तुझं मशीन मला बघूनच घाबरतं की काय!" असं म्हणून हसले परवा, पण हसणं डोळ्यांत नव्हतं.

काय बिघडलंय तेच सापडत नाही. दिवसभर त्या बंद खोलीत तीच रेष बघत बसते. डोळे मिटले तरी हलताना दिसते.

तुझी भिंगरी


१५ मार्च

भिंगरे,

भाजीचं काय कळवलं वन्संनी? मी तर भाजीचं स्वतः सांगितलं होतं. दोघी मिळून मला उल्लू बनवू नका. मला वाचता येत नाही, पण माणसाचं तोंड येतं वाचता, आणि वन्संचं तोंड म्हणजे मोठ्या टायपातलं पुस्तक आहे. असो. कळलं ते कळलं. हो, खुर्ची ढकलते. खुर्चीलाही जरा फिरायला मिळतं.

आता तुझ्या रेषेचं. तुझे आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे हे तुला ठाऊक आहे. सकाळी चहा प्यायचे तेव्हा कप-बशी किणकिणायला लागली. मी म्हटलं, बशी तळाला वाकडी झाली असेल. बशी बदलली. किणकिण चालूच. दुसरी बदलली, तिसरी बदलली. मग कप बदलला. मग मेज हलतं म्हणून पायाखाली पुठ्ठा घातला. तीन बश्या बदलल्या मी, भिंगरे. दुकानदार म्हणाला, काय वहिनी, घरात पाहुणे वाढले का?

तू किती बश्या बदलल्यास?

आजी

(मी ह्या पत्रात माझं काहीही लिहीत नाही. – आत्याआजी)


१९ एप्रिल

आजी,

उत्तराला उशीर झाला. काम फार होतं.

रेषेचा प्रश्न सुटला. कॉम्प्युटरमध्ये एक गाळणी बसवता येते. चहाची असते तशीच समज. हात हलला की त्यातली बारीक थरथर गाळून टाकायची आणि मुद्दाम केलेली हालचाल तेवढी खाली सोडायची. सरांनीच सुचवलं. खोलीत दोघंच होतो. म्हणाले, "चित्र शांत कर. बघणाऱ्याला त्रास होतो." दोन आठवड्यांत केली. आता कुणीही धरलं तरी रेष एकदम सरळ.

हॉस्पिटलच्या समितीपुढे प्रयोग झाला. सर सगळ्यांसमोर हाड आणि सळी घेऊन उभे राहिले. पडद्यावर रेष अशी गेली, जशी पाण्यावरून बोट. टाळ्या झाल्या. समितीतले एक गृहस्थ जवळच्याला म्हणाले, "बघा, उगाच काहीबाही बोलतात लोक. हात अजून कसा आहे बघा." मी तिथेच होते. मीही टाळ्या वाजवल्या.

रेष चुकीची नाही, हे खरं आहे. योजना बरोबरच निघते. आणि अनुभवी माणसाचा हात ऑपरेशनच्या वेळी आपोआप स्थिर होतो असं म्हणतात. मी स्वतः बघितलेलं नाही. मला आत जाता येत नाही.

आता मला कायम करणार आहेत. खोलीला नवीन दार बसवलंय, जास्त जाड. आवाज येत नाही कुठलाच.

तू कशी आहेस?

भिंगरी


२७ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र वन्संनी दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मी शब्द ऐकले नाहीत, नुसतं काय नाही ते ऐकलं. फेब्रुवारीत सर, मार्चमध्ये सर, "सरांच्या हातून करून घेऊ, सर स्वतः करतील." ह्या वेळी खुब्याचं अवाक्षर नाही. "तू कशी आहेस?" असं तर वाण्याचा नोकरही विचारतो.

तर ऐक. मी तयार आहे. तू म्हणालीस ते पटलं. कैदेत मरायची हौस नाही मला. काल मोरीच्या दारात पाय अडकला आणि अर्धा तास तिथेच, ना आत ना बाहेर. वन्सं खाली गेल्या होत्या. म्हणून तुझ्या बापाला पाठवून तुमच्या हॉस्पिटलात नाव घातलं. तारीख मिळाली, जूनच्या पहिल्या आठवड्यातली. मी बजावून सांगितलंय, दुसरातिसरा कुणी चालणार नाही, मोठ्या डॉक्टरांच्याच हातून. माझी नात तिथे आहे, तिनं स्वतः शिफारस केलीय.

आता खूश?

आजी


२ मे

आजी,

मोठ्या डॉक्टरांकडून नको. नाव बदलायला सांग बाबांना. धाकट्या डॉक्टर फार चांगल्या आहेत, त्या सरांच्याच हाताखाली शिकल्यात. सरांना आता फार काम असतं. का ते विचारू नकोस. प्लीज.

भिंगरी


९ मे

भिंगरे,

का ते विचारत नाही. दुसरंच विचारते.

जूनच्या त्या तारखेला माझ्या आधी कोण आहे? माझ्यानंतर कोण? तीही कुणाची तरी आजी असेल. तिच्या नातीला तू ओळखत नाहीस, म्हणून तिनं मोठ्या डॉक्टरांकडे जावं आणि मी धाकट्या? नाव बदलणार नाही मी. तू चित्रातली थरथर गाळलीस, पोरी. हातातली कुठे गेली? ती गाळणीत साचलीय आणि गाळणी तुझ्या हातात आहे.

कळतंय मला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्या माणसानं तुला खोली दिली, नाव दिलं. त्याची झाकली मूठ तू उघडायची म्हणजे काय.

तुझ्या आजोबांचं पुढचं ऐक. पाट्यांवरची अक्षरं हलायला लागली होती. मला कुठे वाचता येतं? मला ती सुंदरच दिसायची. गिऱ्हाइकं बघत होती, गप्प बसत होती, आणि दुसरीकडे जात होती. बरोबरीचे रंगारी बघत होते. सगळ्यांना ह्यांचा मान राखायचा होता. शेवटी त्या माणसाच्या धाकट्या बहिणीनं एका पाटीखाली उभं राहून, भर रस्त्यात नाही, जवळ जाऊन सांगितलं, "दादा, तुझी रेष हलतेय." झालं. त्या दिवसापासून भाऊ बहिणीशी बोलला नाही. एका घरात. मीठ लागलं तरी मला सांगायचे, "तिला म्हणावं मीठ दे."

(इथे मी पेन खाली ठेवलं होतं. वहिनी म्हणाल्या, लिहा, पोरीला किंमत कळू दे. मग लिहिलं. मला आजही पुन्हा तेच सांगावं लागलं असतं. – आत्याआजी)

म्हणून सोपं आहे असं मी म्हणत नाही. मी तुला भीती घालतेय असं समज हवं तर. मी येतेय जूनमध्ये, आणि मी मोठ्या डॉक्टरांच्या नावावर आहे.

आजी


२४ मे

आजी,

तू फार वाईट बाई आहेस. हे आत्याआजीनं जसंच्या तसं वाचावं.

मी सरांना खाली बोलावलं. एकटेच आले. म्हटलं, "सर, आज गाळणी काढलीय."

"कुणी सांगितलं काढायला?"

"कुणी नाही."

त्यांनी हाड उचललं, सळी टेकवली. रेष हलायला लागली. "बिघडलं पुन्हा," म्हणाले. मी त्यांच्या हातातून सळी घेतली, त्याच जागी टेकवली. रेष थांबली. सळी परत दिली. परत हलायला लागली. आजी, त्या खोलीत कुठलाच आवाज नाही. नवीन दार. आम्ही दोघं त्या रेषेकडे बघत उभे होतो आणि कार्ड माझ्या गळ्यात होतं. मी दार उघडल्याशिवाय त्यांना बाहेर पडता येत नव्हतं. हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं. मला एकदम रडायला आलं.

"किती जणांना माहितेय?"

"मला."

"आणि?"

"माझ्या आजीला."

"डॉक्टर आहेत त्या?"

"नाही सर. पेशंट आहे. तुमच्याच नावावर."

त्यांनी सळी तिच्या खाचेत ठेवायला घेतली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा डाव्या हातानं उजवा धरून ठेवली. मग दाराकडे तोंड करून उभे राहिले. मी कार्ड लावलं. गेले.

दुसऱ्या दिवशी यादीत तुझ्या नावापुढे धाकट्या डॉक्टरांचं नाव आलं. आठवड्याभरात सगळ्यांपुढे आलं. समितीला त्यांनी स्वतःच सांगितलं म्हणतात. धाकट्या डॉक्टर जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "आम्हाला सगळ्यांनाच दिसत होतं. बोलणार कोण?" म्हणजे अख्खं हॉस्पिटल बश्या बदलत होतं.

सर माझ्याशी बोलत नाहीत. समोरून आले तर भिंतीवरच्या सूचना वाचत जातात. माझी खोली राहील की जाईल, कुणी सांगत नाही. मी रोज खाली येऊन बसते, हाड पुसून ठेवते. ते धरायला कुणी येत नाही.

तू ये. बाबांना सांग, खुर्चीत बसवून चौघांनी उतरवा. जिन्याच्या वळणावर हात आत घे.

भिंगरी


१६ जून

भिंगरे,

ह्या पत्राचं अक्षर बघून दचकू नकोस. हे वन्संचं नाही. वन्सं घरी आहेत, चौथ्या मजल्यावरच्या ह्या वॉर्डात रात्रंदिवस बसायला त्यांना कोण देतंय. तू तर हुशार, राउंड संपली की वर येतेस आणि राउंडच्या आधी पळतेस. तळघरातून वर यायला तुला लिफ्ट आहे, पाय आहेत, तरी चोरासारखी येतेस. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं.

आज एक मोठे डॉक्टर आले. विचारलं, आजी, काही हवंय का? म्हटलं, हवंय. लिहिणारा. म्हणाले, सिस्टरना पाठवतो. म्हटलं, सिस्टर बिचाऱ्या पळतायत, तुमच्याकडे बरा वेळ दिसतो. म्हणाले, माझं अक्षर आता चांगलं येत नाही. म्हटलं, मला सगळ्यांचं सारखंच दिसतं. तेव्हा बसले. स्टूल ओढून बसले. आता लिहितायत, आणि हे वाक्य लिहायला जरा वेळ लावतायत. (आजी हे सगळं माझ्यासमोरच सांगत आहेत. – लिहिणारा)

ऑपरेशनचं तुला सांगायचं राहिलं. पाठीत सुई देऊन कमरेखालचं सगळं झोपवलं होतं, वरची मी जागी. मध्ये पडदा. मला दिसत काही नव्हतं, ऐकू येत होतं. निम्मं. हात धाकट्या डॉक्टरांचे होते, मला त्यांनी आधी दाखवले होते. पण मागे कुणीतरी बसलं होतं. "अजून आत. थांब. तिरकं कर. थांब म्हणतो ना. आता." कुणाचा तरी हात आणि कुणाचं तरी तोंड. मी पडल्या पडल्या म्हटलं, अगंबाई, हे तर माझं पत्र चाललंय!

काल वॉकर धरून खिडकीपर्यंत गेले. खरोखर गेले, तू सिस्टरना विचार. खिडकीतून इथेही पाइपच दिसतात. घरी परत गेले की तेच तीन मजले आहेत आणि ते ह्या वेळी चढायचे आहेत. उतरायचं मग कधी ते धाकट्या डॉक्टर सांगतील. तोवर पुन्हा कैदच, फक्त जरा मोठी.

आता आजोबांची गोष्ट. ती मी तुला अर्धीच सांगितली होती. ते बहिणीशी बोलले नाहीत हे खरं. पुढे ते स्टुलावर बसून "अक्षराचं पोट भर, शेपूट खाली घे" असं सांगायचे आणि दुसरा रंगारी रंगवायचा. पण कुठलीही पाटी दुकानावर चढवायच्या आधी घरी निरोप यायचा, "तिला म्हणावं, बघून जा." वन्सं हातातलं टाकून जायच्या. बघायच्या. मान हलवायच्या. परत यायच्या. बोलणं नाही. पण त्यांनी बघितल्याशिवाय पाटी चढली नाही, ते जाईपर्यंत. आता ह्याला बोलणं म्हणायचं की अबोला, ते तुम्ही शिकलेल्यांनी ठरवा.

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलंय. मी म्हटलं, दमलात का? नाही म्हणाले. मग लिहा म्हटलं, "आजीचा आशीर्वाद." लिहिलं. तरी अजून काहीतरी लिहितच आहेत. वन्संची खोड ह्यांनाही लागली वाटतं. काय लिहिताय, वाचून दाखवा म्हटलं, तर नको म्हणतात.

आजी

(उद्या सकाळी खाली येईन. हाड मी धरीन, सळी धाकट्या डॉक्टरांच्या हातात दे. गाळणी लावू नकोस. आणि दार उघडं ठेव. – लिहिणारा)